सहा-अठ्ठेचाळीस की आठ-चाळीस? बेसचा स्क्रू भोकात जात नाही तेव्हा

समोर रेमिंग्टन ७०० रायफल आहे, नवा पिकॅटिनी बेस (स्कोप म्हणजे दुर्बीण बसवायची खाचांची पट्टी) आहे, पाकिटात चार स्क्रू आहेत. बेस रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या सांगाड्यावर, छान बसतो, भोकावर भोक येतं, पण स्क्रू आत शिरत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन फेरे अलगद शिरतो आणि मग अडतो. अशा वेळी हात आपोआप जोर लावायला जातो. तिथेच थांबायचं. रिसीव्हरमधले आटे बारीक असतात आणि भोकात जेमतेम पाच-सहा. त्यातले दोन गेले की उरलेल्यांवर भरवसा नाही.

अमेरिकन रायफलींवर बेससाठी मुख्यतः दोन मापं चालतात: ६-४८ आणि ८-४०. पहिला आकडा स्क्रूचा नंबर, दुसरा एका इंचात किती आटे ते. ६-४८ चा बाहेरचा व्यास ०.१३८ इंच, म्हणजे ३.५ मिमी. ८-४० चा ०.१६४ इंच, म्हणजे ४.१७ मिमी. जुन्या आणि साध्या रायफलींवर बहुतेक ६-४८ सापडतो. रेमिंग्टन ७०० च्या धर्तीवर बनणाऱ्या कस्टम अ‍ॅक्शनवर (रिसीव्हर आणि बोल्टची जोडी) बहुतेक ८-४०. बेस बनवणारे एकच रेल (एकसंध लांब बेस) दोन्ही मापांत काढतात, आणि पाकिटावरचा फरक एवढ्याशा अक्षरांत छापलेला असतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

६-४८ हे माप बंदुकीच्या कामापलीकडे फारसं कुठे भेटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहा नंबरचा स्क्रू मागितला तर ६-३२ मिळेल, फार तर ६-४०. तिघांचा व्यास एकच, आट्यांचं अंतर वेगळं. म्हणून ‘जाडी जुळली म्हणजे स्क्रू जुळला’ हा हिशोब इथे चालत नाही. युरोपातून आलेल्या सामानात एम ३.५ × ०.६ हा मेट्रिक स्क्रू निघू शकतो. त्याची जाडी ३.५ मिमी, म्हणजे ६-४८ च्या इतकी जवळ की वर्निअरवरही कळणार नाही. पण ६-४८ एका फेऱ्याला ०.५३ मिमी उतरतो आणि एम ३.५ उतरतो ०.६ मिमी. दर फेऱ्याला ०.०७ मिमीची चूक साठत जाते. पहिले दोन फेरे आट्यांमधल्या ढिलाईत खपतात, तिसऱ्याला स्क्रू अडतो, आणि चौथा पान्याने मारला तर भोकातले आटे कापले जातात. ६-४० चं गणित आणखी वाईट, फेऱ्याला ०.१ मिमीची चूक. ८-४० च्या भोकात एम ४ × ०.७ घातला तर उलटी फसगत होते: तो जरा बारीक असल्याने सैलसर जातो, ‘बसला’ असं वाटतं, आणि पकड मात्र दोन आट्यांचीच असते.

आधी माप, मग पाना

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. हे दर वेळी, आणि कुणी ‘रिकामीच आहे’ म्हणून हातात दिली तरीही.

रिसीव्हरचं माप ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कंपनीने भोकं बुजवायला लावलेले बिनडोक्याचे छोटे स्क्रू. ते फेकून देऊ नका. तेच त्या भोकांचं खरं माप. थ्रेड गेज असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर वर्निअरने पाच आट्यांचं अंतर मोजा, एका शिखरापासून सहाव्या शिखरापर्यंत. ६-४८ असेल तर २.६५ मिमी येतं, एम ३.५ असेल तर ३.०, ६-४० किंवा ८-४० असेल तर ३.१८, आणि एम ४ असेल तर ३.५. दहा आटे मोजणं जास्त अचूक, पण हे स्क्रू इतके आखूड असतात की दहा आटे मिळतच नाहीत. बाहेरचा व्यास मोजताना छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येईल, ३.४ ते ३.५ किंवा ४.१ च्या आसपास. तो दोष नव्हे, आट्यांची शिखरं थोडी बोथटच असतात.

बुजवणीचे स्क्रू हरवले असतील तर ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्याने भोक तपासा. ३.४ मिमीचा दांडा ६-४८ च्या भोकात जात नाही, ८-४० च्या भोकात जातो. आणि हे चारही भोकांत करा, एकाच नाही. जुन्या, हातोहात फिरलेल्या रायफलीत तीन भोकं ६-४८ ची आणि एक ८-४० चं सापडतं. कधीतरी एक भोक खराब झालं, कुणीतरी तेवढंच मोठं केलं, आणि कुठे लिहून ठेवलं नाही.

बुजवणीचे स्क्रू निघत नसतील तर ते बहुधा आट्यांच्या गोंदाने चिकटलेले असतात. रिसीव्हर तापवायचा नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या खाचेत मिनिट-दोन मिनिटं धरा, तेवढ्या उष्णतेने गोंद मऊ होतो. खाचेच्या स्क्रूला घरचा पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर चालत नाही. दोन्ही बाजू समांतर घासलेला, खाच पूर्ण भरणारा बिट लागतो. निमुळता बिट वर चढतो, खाच फाडतो आणि रिसीव्हरच्या निळ्या पॉलिशवर कायमचा ओरखडा काढतो.

बेस ८-४० चा, रिसीव्हर ६-४८ चा

सगळ्यात जास्त भेटणारी हीच जोडी. इथे सुचणारी ‘युक्ती’ म्हणजे ६-४८ चेच स्क्रू बेसच्या मोठ्या भोकांतून घालायचे आणि घट्ट आवळायचे. बेस बसतो, हलवून पाहिला तर हलत नाही, आणि काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. ८-४० साठी बेसमधलं भोक साधारण ४.३ मिमी असतं. त्यात ३.५ मिमीचा स्क्रू म्हणजे ०.८ मिमीची मोकळी जागा. स्क्रूचं डोकंही लहान. ते खाली टेकतं ती कडा सगळीकडून जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि स्क्रू मधोमध नसेल तर एका बाजूला तीही नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बेसमध्ये ही कडा धक्क्यांनी हळूहळू दबते, आवळ कमी होतो, आणि बेसला सरकायला जागा तयारच असते.

किती सरकला तर किती फरक पडतो? स्कोप धरणाऱ्या दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर धरा. एक टोक आडवं ०.०२५ मिमी सरकलं, म्हणजे केसाच्या जाडीहून बरंच कमी, तर १०० मीटरवर मारा २५ मिमी हलतो. मोकळी जागा आहे ०.८ मिमी. उरलेला गुणाकार वाचकाने करावा.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे: बेस परत करा आणि ६-४८ चा मागवा. बेस ही बदलायची वस्तू आहे, रिसीव्हर नाही. लेथवर पातळ बुश (पोकळ नळकांडं) करून बेसचं भोक लहान करता येतं, बाहेरून ४.३ आणि आतून ३.५५ मिमी, पण त्याची भिंत ०.४ मिमीहूनही पातळ. बुश बाजूची ढिलाई घालवतो, डोक्याखालची कडा मात्र वाढवत नाही, वरून कॉलर ठेवली तरच. इतकी कसरत नव्या बेसच्या किमतीपेक्षा महाग पडते. बेस दुर्मिळ असेल, त्या अ‍ॅक्शनसाठी दुसरा मिळतच नसेल, तरच बुशचा विचार.

बेस ६-४८ चा, रिसीव्हर ८-४० चा

ही जोडी सोपी, कारण वाढवायचं आहे ते बेसमधलं भोक. ४.३ मिमी ड्रिल, किंवा नंबरात सांगायचं तर १८ नंबर. बेस ड्रिल प्रेसवर व्हाइसमध्ये पक्का धरा, आधी जुन्या भोकात दांडा घालून केंद्र जुळवा, मग ड्रिल लावा. हातातल्या ड्रिलने अ‍ॅल्युमिनियममध्ये भोक ओढलं जातं आणि लांबट होतं.

भोकापेक्षा डोक्याची जागा जास्त नाजूक. ८-४० चं डोकं मोठं आणि बहुधा उंचही, त्यामुळे काउंटरबोर, म्हणजे डोकं बसायचा सपाट बुडाचा खड्डा, रुंद करावा लागतो. पुढे मार्गदर्शक खुंटी असलेलं काउंटरबोर कटर वापरा. नुसत्या मोठ्या ड्रिलने केलं तर तळ शंकूसारखा होतो आणि सपाट बुडाचं डोकं कडेवर लटकतं. खोली ठरवताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कमी खोल केलं तर डोकं वर राहतं, आणि रिंगेचा आडवा बोल्ट ज्या खाचेतून जातो तिथे आडवं येतं. रिंग टेकली असं वाटतं, पण ती स्क्रूच्या डोक्यावर टेकलेली असते. जास्त खोल केलं तर डोक्याखालचा धातू पातळ होतो. दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर मी तो बेस वापरणार नाही. शिवाय काउंटरबोर जितका खोल, तितकाच स्क्रू खाली जास्त बाहेर येतो. म्हणजे लांबी पुन्हा मोजावी लागते.

एकच भोक ८-४० चं असलेल्या रायफलीलाही हाच उपाय. बेसचं तेवढंच एक भोक वाढवा, बाकी तीन तशीच ठेवा. दिसायला विजोड, चालायला ठीक. फक्त पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी बेसच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

रिसीव्हरच मोठा करायचा असेल तर

याला कारणं तीनच: भोकातले आटे गेलेत, भोकं नळीच्या रेषेत नाहीत, किंवा जड स्कोप आणि जोरदार धक्क्याचं काडतूस आहे. तिसऱ्या कारणामागे आकडा आहे. ताण घेणारं क्षेत्रफळ ६-४८ मध्ये सुमारे ७ चौरस मिमी, ८-४० मध्ये सुमारे ९.९. म्हणजे चाळीस टक्के जास्त. हलक्या .२४३ वर साधा स्कोप असेल तर या चाळीस टक्क्यांची गरज पडत नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नमवर किलोभर वजनाचा स्कोप असेल तर पडते.

भारतातल्या वाचकांसाठी इथे एक थांबा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीत फेरफार किंवा दुरुस्ती करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो. रिसीव्हरला ड्रिल लावणं हे परवानाधारक कारागिराचंच काम, आणि तेही आपल्या परवान्यावर नोंद असलेल्या रायफलीवर. इशापूरच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीचा सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा आहे, त्याच्या माथ्यावर कारखान्यातून बेसची भोकं नसतातच, त्यामुळे तिथे प्रश्न एक पायरी आधी सुरू होतो. अमेरिकेत स्वतःच्या रायफलीवर काम करायला फेडरल परवाना लागत नाही, दुसऱ्यांची कामं धंदा म्हणून घेतली तर लागतो. तिथे राहणारे मराठी शिकारी हे लक्षात ठेवतातच. कोल्हापूरकडच्या ५० मीटर रायफलवाल्यांना मात्र यातलं काहीच नको. त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, आणि डायोप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची) ११ मिमीच्या डव्हटेलवर (तिरप्या कडांच्या पट्टीवर) चिमटीत बसते.

आता काम. ८-४० च्या आट्यांसाठी ड्रिल २८ नंबरचं, ०.१४०५ इंच, म्हणजे ३.५७ मिमी. ६-४८ च्या जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३.५ मिमी. म्हणजे नवं भोक जुने आटे जेमतेम, पण पूर्ण पुसतं. हा योगायोग सोयीचा आहे: एकावर एक दोन आटे असा प्रकार उरत नाही. ६-४८ चं भोक खराब झालं की पुढची पायरी ८-४० च असते, ती याचमुळे. त्यापुढे पायरी नाही, म्हणून ही चूक करायला जागा एकदाच मिळते.

भोकं रेषेत असतील तर ड्रिल चालतं. रेषेबाहेर असतील तर ड्रिल वापरून उपयोग नाही, कारण ड्रिल जुन्याच भोकाच्या मागे जातं. तिथे ९/६४ इंचाचं कार्बाइड एंडमिल (मिलिंग मशीनवरचं, बुडानेही कापणारं कटर) लागतं. व्यास ०.१४०६, म्हणजे २८ नंबरच्या ड्रिलएवढाच. ते ताठ असतं, जिथे लावाल तिथेच उतरतं, आणि जुनं भोक कडेला असलं तरी ढळत नाही. पण फार मोठी चूक यानेही सुधारत नाही. केंद्र जितकं सरकवाल तितके एका बाजूला जुने आटे शिल्लक राहतात, आणि त्या बाजूला नव्या आट्यांची पकड अर्धवट येते. भोकं थोडीशीच वाकडी असतील तर ड्रिलच्या आधी दुसरा उपाय पाहा: बरिस सिग्नेचर रिंगांत आतले प्लास्टिकचे तुकडे मुद्दाम केंद्राबाहेर पाडलेले मिळतात, ५, १० आणि २० हजारांश इंचांचे. किंवा मागची रिंग आडवी सरकवता येणारा बेस. रायफलीला हात न लावता काम भागतं.

बांधणी मिलिंग मशीनवर. कुंदा आणि ट्रिगर काढून टाका. बोल्टच्या वाटेत घट्ट बसणारी घासीव सळई घाला आणि डायल इंडिकेटरने ती सळई टेबलाशी समांतर करा, दोन्ही दिशांनी. रिसीव्हरच्या पाठीवरून समांतर काढू नका. पाठ पॉलिश करताना खालीवर झालेली असते, आणि रेमिंग्टन ७०० मध्ये रिसीव्हरचा मागचा पूल (बोल्टच्या मागच्या भागावरची कमान) पुढच्या कड्यापेक्षा (नळी बसते त्या गोल तोंडापेक्षा) खालीच असतो. मिल नसेल तर फॉर्स्टरचा साइट बसवण्याचा साचा मिळतो, त्याने ड्रिल प्रेसवरही सरळ रेषा येते.

खोली हा सगळ्यात धोक्याचा भाग. पुढच्या कड्यातलं सर्वात पुढचं भोक नळीच्या आट्यांच्या वर असतं, आणि त्याखाली चेंबर. नळी काढून काम करणं उत्तम. ती काढायची नसेल तर डेप्थ स्टॉप लावा, जुन्या भोकाचा तळ डेप्थ गेजने मोजा आणि त्याच्या पुढे एक केसही जाऊ नका. चेंबरच्या भिंतीत खड्डा पडला तर ती नळी बाद. यावर दुसरं मत नाही.

आटे पाडायला तीन टॅप: पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत जाणारा. बंद भोकात तिसऱ्याशिवाय शेवटचे दोन आटे पडत नाहीत, आणि एकूण पाच-सहाच आटे असताना दोन सोडून चालत नाही. टॅप स्पिंडलच्या टोकाने सरळ धरून हाताने फिरवा, गंधकयुक्त कटिंग ऑइल भरपूर. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून कीस झटकायचा. टॅप पिळवटल्यासारखा, स्प्रिंगसारखा वाटला की थांबा. तुटण्याआधी तो तेवढीच सूचना देतो. तुटलाच तर हातोडी-छिन्नी नको. स्पार्क मशीनवाल्याकडे न्या. तो टॅप जाळून काढतो, भोकाला धक्का न लावता. टॅप नवाच घ्या, आणि दोन घ्या.

रेमिंग्टन ७०० चं पोलाद आरपार सारख्या कडकपणाचं असतं, चांगला टॅप ते कापतो. जुन्या लष्करी माउझर ९८ ची गोष्ट वेगळी. त्याला वरचा कडक थर आणि आत मऊ गाभा. साधं ड्रिल वरच घासत राहतं आणि चकाकी आणतं, मग अचानक आत घुसतं. तिथे कार्बाइड लागतं. गॅसच्या ज्योतीने ‘जागेपुरतं’ मऊ करण्याच्या सल्ल्यापासून दूर राहा. पुढच्या कड्यात बोल्टचे लग (बोल्ट बंद ठेवणारे दात) अडकतात, तिथली कडकाई घालवणं म्हणजे तोंडासमोरचं कुलूप सैल करणं. खराब भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडायची कल्पनाही याच कारणाने बाद.

लांबी: इथे सगळ्यात जास्त फसगत

मापाचा स्क्रू मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. मापात बरोबर पण लांबीला चुकीचा स्क्रू जास्त त्रास देतो, कारण तो घट्ट झाल्यासारखा वाटतो. पुढच्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो नळीच्या आट्यांवर टेकतो. पाना अडतो, तुम्हाला वाटतं बेस आवळला, आणि बेसखाली मात्र दाब शून्य. दुसऱ्या भोकात लांब स्क्रू गेला तर बोल्टच्या लगला घासतो. मागच्या पुलात लांब गेला तर बोल्टच्या अंगावर रेघ ओढतो.

तपासायची पद्धत अशी. बेस न ठेवता स्क्रू भोकात हाताने फिरवा आणि टेकेपर्यंतचे फेरे मोजा. ६-४८ असेल तर फेऱ्यांना ०.५३ ने गुणा, ८-४० असेल तर ०.६३५ ने. ही झाली भोकाची वापरण्याजोगी खोली. आता स्क्रू बेसमध्ये पूर्ण बसवून खाली किती बाहेर येतो ते मोजा. बाहेर येणारी लांबी खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर तरी कमी हवी. दुसरीकडे, पाच पूर्ण फेऱ्यांपेक्षा कमी पकड नको: ६-४८ मध्ये ती २.६५ मिमी होते, ८-४० मध्ये ३.२. आरपार भोकांत स्क्रू टेकतच नाही, तिथे बेस लावून, एका वेळी एकच स्क्रू आवळून बोल्ट आतबाहेर करा. हँडल खाली नेताना जराही घासट लागली तर त्या स्क्रूचं टोक कमी करा. चारही स्क्रू एकदम लावून तपासलं तर दोषी कोण ते कळत नाही.

स्क्रू कापताना ६-४८ चा नट बाजारात शोधत बसू नका. तीन-चार मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीत ६-४८ आणि ८-४० असे दोन आटे पाडून ठेवा. स्क्रू पट्टीत फिरवा, पलीकडे आलेलं टोक कानशीने सपाट करा, कड मारा, मग स्क्रू उलटा फिरवून काढा. बाहेर येताना पट्टीच कापलेले आटे साफ करते. हीच पट्टी पुढच्या वेळी गेज म्हणूनही चालते. ग्राइंडरवर धराल तर स्क्रू निळा पडेपर्यंत तापवू नका.

बसवणी

आवळण्याआधी बेस रिसीव्हरवर खरोखर टेकतो का ते पाहा, विशेषतः एकसंध रेल असेल तर. फक्त पुढचे दोन स्क्रू आवळा आणि मागे फीलर गेज घाला. मग उलट करा. ०.०५ मिमीची पाती आत जात असेल तर रेल आवळताना वाकेल, आणि वाकलेली रेल स्कोपची नळी वाकवेल. उपाय म्हणजे त्या टोकाखाली धातू मिसळलेल्या एपॉक्सीची गादी. रिसीव्हरला आणि स्क्रूंना बिनरंगी बूट पॉलिशचा पातळ हात द्या, म्हणजे एपॉक्सी चिकटणार नाही. बेसचा खालचा भाग मात्र कागदाने खरडून, अ‍ॅसिटोनने पुसून कोरडा. जे टोक टेकतं ते आवळा, ज्या टोकाखाली फट आहे तिथले स्क्रू नुसते बोटाने लावा. तिथे पाना लावला तर फट दाबून बुजते आणि गादीचा अर्थच जातो. एक पूर्ण दिवस हात लावू नका.

भोकं आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने धुवा. कारखान्याचं तेल आट्यांत असतंच. मग मध्यम ताकदीचा निळा लॉकटाइट (आट्यांचा गोंद), २४२ किंवा २४३, एका स्क्रूला एक छोटा थेंब. लाल नको, पुढे काढताना ताप होतो. पुढच्या भोकांत जास्त लावला तर तो खाली झिरपून लगच्या वाटेत किंवा नळीच्या आट्यांत जातो, म्हणून बोल्टच्या वाटेत आधीच एक कापडी चिंधी घालून ठेवा.

टॉर्क रेंच इंच-पौंडांचा. ६-४८ ला १५ ते २०, म्हणजे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. ८-४० ला २५ ते २८, म्हणजे २.८ ते ३.२. बेसच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. लॉकटाइट ओला असताना तेलासारखा घसरवतो, त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो, म्हणून खालच्या आकड्याकडे झुका. ६-४८ आणि ८-४० या दोन्हींच्या डोक्यांत बहुधा टॉर्क्स १५ चाच (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) बिट बसतो. हातात एकच बिट असल्याने ८-४० ची सवय झालेला हात ६-४८ ला २८ वर नेतो आणि डोकं तोडतो. मिश्र मापांच्या रायफलीवर तर रेंचचा आकडा प्रत्येक स्क्रूला बदलावा लागतो. सगळे एकदम नको: सगळे आधी टेकवायचे, मग अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण, पुढचा-मागचा आलटून पालटून.

रिंगांच्या झाकणाच्या स्क्रूंना १५ ते १८ पुरे. रिंग रेलवर आवळण्याआधी पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. धक्क्याने रायफल मागे येते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या मानाने तो पुढेच जाणार. आधीच टेकवून ठेवली तर जायला जागा उरत नाही.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. वीस गोळ्या झाडून झाल्या की भिंग घेऊन रेघा पाहा. रेघ तुटली असेल तर तो स्क्रू फिरला आहे. तो नुसता पुन्हा आवळू नका. काढा, लांबी आणि डोक्याखालची कडा पुन्हा तपासा. आणि रेघा सगळ्या शाबूत असूनही मारा सरकत असेल तर बेसकडे नको, रिंगांकडे बघा.